शब्दांनी काढलेली बारव

आमच्या गावात एक बारव होती. गाव वाशीम जिल्ह्यातले, मालेगाव तालुक्यातले. नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण कोणी बघायला गेलेच तर तिथे आता सिमेंटचा ओटा दिसेल. बारवेचे पाणी पिण्यासारखे राहिले नव्हते, लहान पोर आत पडण्याची भीती होती, आणि गावाला चार माणसे बसायला ओटा हवा होता. ही तिन्ही कारणे खरी होती, त्यामुळे बारव बुजवली तेव्हा कोणाला बोल लावावा असे मला वाटले नाही. त्याच्या दोन वर्षे आधी, एका उन्हाळ्याच्या सुटीत, मी टेप आणि वही घेऊन तिच्यात उतरलो होतो. महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या माणसाला सुटीत असे काहीतरी सुचते.

त्या मापांवरून मी बारवेचे एक चित्र केले. ‘केले’ म्हणतो, ‘काढले’ म्हणत नाही. कारण माझ्या संगणकात जी फाइल आहे तिच्यात एकही रेघ नाही. सुमारे ९० ओळींचा मजकूर आहे, त्यात आकडे, कंस आणि थोड्या इंग्रजी आज्ञा आहेत. तो मजकूर एका प्रोग्रामपुढे ठेवला की कागदावर बारव उमटते, पायऱ्या खाली खाली जाताना लहान होतात आणि बघणाऱ्याला काठावर वाकून पाहिल्यासारखे वाटते. मजकूर लिहून खोली असलेले चित्र कसे निघते आणि त्यात चूक कुठून शिरते, हे या लेखात सांगायचे आहे.

आधी हत्याराची ओळख करून द्यायला हवी. १९७७ साली अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांच्याकडे त्यांच्याच एका ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते आली. खिळ्यांची जुनी जुळणी जाऊन नवे तंत्र आले होते आणि गणिताची पाने त्यांना बघवेनात. ग्रंथमालेचे पुढचे खंड बाजूला ठेवून ते अक्षरजुळणीचा प्रोग्राम लिहायला बसले. त्याचे नाव टेक्. ही तीन ग्रीक अक्षरे असून शेवटच्याचा उच्चार ‘ख’च्या जवळचा आहे असे खुद्द नूथ सांगतात, पण आपल्याकडे सगळे टेक्च म्हणतात. पान कसे दिसावे हे हाताने सरकवून ठरवायचे नाही, लिहून सांगायचे, ही त्यातली मुख्य कल्पना. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक् रचले आणि जगभरचे गणिताचे लेखन त्यात होऊ लागले. १९९१ मध्ये हॉलंडच्या फ्रान्स वेल्थुइस यांनी त्यात देवनागरी आणली; २००४ मध्ये जोनाथन क्यू यांचे झीटेक् आले आणि आपण जसे टंकतो तसेच मराठी थेट त्यात चालू लागले. टेक्‌मध्ये आता नवे काही घालायचे नाही, चुका तेवढ्या सुधारायच्या, असे नूथ यांनी ठरवून टाकले आहे. प्रत्येक दुरुस्तीबरोबर आवृत्तीचा क्रमांक ‘पाय’च्या किमतीकडे एका अंकाने सरकतो. म्हणून चाळीस वर्षांपूर्वीची फाइल आजही तेच पान देते. संगणकाच्या दुनियेत हे जवळजवळ ऐकायला मिळत नाही.

चित्रांसाठी याच घरातली अनेक साधने आहेत. मी वापरतो ते टिक्झ, जर्मनीतल्या टिल टांटाउ यांनी केलेले. त्याचे नाव एका जर्मन वाक्याचे आद्याक्षर आहे, आणि त्या वाक्याचा अर्थ ‘टिक्झ हा चित्रे काढण्याचा प्रोग्राम नव्हे’ असा होतो. विनोद आहे, पण खराही आहे. माउसने रेघ ओढायची सोय त्यात नाही. तिथे लिहावे लागते: शून्य-शून्य या बिंदूपासून चार-शून्यपर्यंत रेघ ने, तिथून चार-तीनपर्यंत, आणि वळसा पुरा कर. एवढ्याने तीन, चार आणि पाच बाजूंचा काटकोन त्रिकोण होतो. चित्र डोळ्यांनी जमवायचे नसते. जे माहीत आहे ते सांगायचे असते. जे माहीत नाही ते सांगता येत नाही, आणि या साधनाची शिस्त मला इथेच आवडली.

ही रीत परकी वाटते, पण आपल्याकडे ती फार जुनी आहे. शुल्बसूत्रांत यज्ञवेदीच्या आकृत्या सांगितल्या आहेत त्या शब्दांनीच. दोरी घ्या, तिला इथे खूण करा, या दोन खुंट्यांना टोके बांधा, खुणेला धरून ताणा. ऐकणाऱ्याने तसे केले की जमिनीवर चौरस उभा राहतो. लिहिताना काढलेली आकृती नकलेनकलेगणिक थोडी थोडी ढळते. नक्कल करणाऱ्याला काटकोन किंचित तिरका दिसला की त्याच्या पोथीत तो तिरकाच उतरतो आणि पुढच्याच्या पोथीत आणखी तिरका. सूत्र मात्र पाठ केलेले असते. एखादे अक्षर चुकले तर छंद किंवा अर्थ ओरडून सांगतो. आमच्याच जिल्ह्यातल्या कारंज्याच्या जैन भांडारांनी पुष्पदंताचे अपभ्रंश काव्य शतकानुशतके सांभाळले, आणि १९३०च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेतून ते छापूनही आले. मजकूर इतकी मजल मारतो. चित्राला तेवढे आयुष्य हवे असेल तर त्याने मजकुराचे रूप घ्यावे, हा माझा सोयीचा सिद्धांत. त्याला छेद कुठे गेला ते पुढे येईल.

आता खोलीचा प्रश्न. कागदाला लांबी आणि रुंदी असते. बारवेला तिसरी दिशाही आहे. प्रत्येक बिंदूचे तीन आकडे (उजवीकडे किती, पुढे किती, वर किती) घेऊन त्यांचे दोन करायचे आहेत. सगळा खेळ एवढाच आहे, पण तो दोन रीतींनी खेळता येतो.

पहिली रीत शाळेची. दहावीच्या महत्त्वमापनाच्या धड्यातली इष्टिकाचिती आठवा: समोर एक आयत, मागे तेवढाच दुसरा आयत थोडा वर आणि बाजूला सरकवलेला, आणि चार तिरक्या रेघा. मागचा आयत समोरच्याहून लहान नाही. टिक्झला काही वेगळे सांगितले नाही तर तोही हेच करतो. तिसऱ्या दिशेला डावीकडे खाली तिरकी धाडून मोकळा होतो. या चित्रात समांतर रेघा समांतरच राहतात, मोजपट्टी लावून माप घेता येते. गणिताच्या मास्तराला हेच हवे. डोळ्याला मात्र ते जरा खोटे वाटते.

दुसरी रीत डोळ्याची. चित्रकलेच्या वर्गात तिला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात, पुस्तकात यथार्थदर्शन. दूरचे लहान दिसते आणि रेल्वेचे रूळ लांबवर एका ठिकाणी मिळाल्यासारखे भासतात. इटलीत फिलिप्पो ब्रुनेलेस्की यांनी पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला याचे प्रयोग केले, आणि १४३५ मध्ये लेऑन बात्तिस्ता आल्बेर्ती यांनी नियम लिहून काढले. चित्र म्हणजे खिडकी समजा, असे त्यांचे सांगणे. १५२५ मध्ये जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर यांनी आपल्या मोजमापाच्या पुस्तकात एक यंत्र छापले, ते मला या विषयातले सर्वांत बोलके चित्र वाटते. भिंतीत एक खिळा, तो डोळा. खिळ्यापासून दोरा निघतो तो टेबलावरच्या तंतुवाद्याच्या एकेका बिंदूला लावायचा. मध्ये लाकडी चौकट. दोरा चौकटीतून जिथून पार होतो ती जागा दोन आडव्या-उभ्या दोऱ्यांनी पकडायची, आणि कागदावर टिंब टाकायचे. टिंबामागून टिंब. ड्यूररची दोन माणसे जे करत आहेत तेच माझा संगणक करतो: प्रत्येक बिंदूमागे दोन आकडे.

वाशीमच्या माणसाला इथे अजिंठा आठवतोच. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. आणि अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेणारा वराहदेव हा याच शाखेतल्या हरिषेण राजाचा सचिव. लेण्याच्या भिंतीवर त्याचा लेख आहे. पाचव्या शतकातल्या या चित्रांत मंडप आहेत, सडपातळ खांब आहेत, छपरांच्या कडा आहेत, पण त्यांच्या रेघा एका बिंदूकडे धावत नाहीत. मंडप एकीकडून पाहिलेला, त्यातली माणसे दुसरीकडून, आणि महत्त्वाचे माणूस मोठे, मग ते मागे असो की पुढे. विद्यार्थी असताना आम्हाला सांगत, त्यांना पर्स्पेक्टिव्ह येत नव्हते. मला ते पटेनासे झाले आहे. चालत चालत, दिव्याच्या उजेडात तुकड्या-तुकड्याने पाहायच्या भिंतीला एकच खिळा ठोकून उपयोग काय? (राजशेखराने काव्यमीमांसेत काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्मातच लावले आहे. मजकूर आणि चित्र यांच्या लग्नाबद्दल त्याने काही लिहिले असते, तर तेही मी वाशीमलाच आणले असते.)

माझ्या बारवेला मात्र एक खिळा पुरेसा होता, आणि खिळ्याचा नियम समजायला दिवाळीची पणती बरी.

अंधारात एक पणती स्टुलावर ठेवा आणि जमिनीवर एक पेन्सिल उभी करा. पेन्सिल स्टुलापासून दूर नेली की सावली लांबते, जवळ आणली की आखडते. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. त्या भास्कराचार्यांच्या लीलावतीत (शके १०७२, म्हणजे इ.स. ११५०) छायाव्यवहार नावाचे प्रकरण आहे, आणि त्यात या सावलीचा नियम आहे. शंकूची उंची आणि दिव्यापासूनचे अंतर यांचा गुणाकार करा. दिव्याच्या उंचीतून शंकूची उंची वजा करून जे उरेल त्याने भागा. त्यांच्या उदाहरणात दिवा साडेतीन हात उंच आहे, शंकू १२ अंगुळे म्हणजे अर्धा हात, अंतर ३ हात. अर्धा गुणिले तीन म्हणजे दीड. साडेतीनातून अर्धा गेला, उरले तीन. दीड भागिले तीन, म्हणजे सावली अर्धा हात, १२ अंगुळे. शंकूएवढीच.

यातला भाजक बघा. दिव्याची उंची वजा शंकूची उंची, म्हणजे शंकूचे टोक दिव्याच्या किती खाली आहे ते अंतर. दिव्याच्या जागी डोळा ठेवा, जमिनीच्या जागी कागद, की हा नियम यथार्थदर्शनाचा होतो. डोळ्यापासून बिंदू जितका खोल, तितक्याने भागायचे. ब्रुनेलेस्की आणि ड्यूरर यांच्या चौकटीत याहून वेगळे गणित नाही. भास्कराचार्यांनी यथार्थदर्शन शोधले असा दावा मी करत नाही. त्यांना सावली मोजायची होती, चित्र काढायचे नव्हते. पण भागाकार तोच आहे, आणि मराठी वाचकाला तो दोऱ्यापेक्षा दिव्याने लवकर कळतो असा माझा वर्गातला अनुभव आहे.

भागाकार आहे, वजाबाकी नाही, हे मनात ठसवायला एक उदाहरण पुरे. ओसरीचे ८ फूट उंचीचे खांब तुमच्यापासून ८, १६ आणि २४ फुटांवर एका रांगेत उभे आहेत. रांग तुमच्या समोरच्या रेषेपासून ४ फूट उजवीकडे. चौकट डोळ्यापासून २ फुटांवर धरली तर खांबांची उंची येते २ फूट, १ फूट आणि दोन-तृतीयांश फूट. चौकटीच्या मध्यापासून खांबांची जागा येते १ फूट, अर्धा फूट आणि एक-तृतीयांश फूट. म्हणजे पहिल्या दोन खांबांत अर्ध्या फुटाचे अंतर आणि पुढच्या दोघांत जेमतेम २ इंच, जरी ओसरीत दोन्ही अंतरे सारखी आहेत. नवशिका खांब लहान लहान काढतो पण अंतरे सारखी ठेवतो, आणि मग चित्र का फसले ते त्याला कळत नाही. मजकुराने चित्र काढणाऱ्याला ही चूक करताच येत नाही. त्याने फक्त ८, १६, २४ लिहायचे. अंतर आखडणे भागाकाराच्या हवाली.

माझी बारव चौरस होती. तोंड २४ फूट बाय २४ फूट, चारही बाजूंनी पायऱ्या, घडीव काळा दगड. गाळापर्यंत १२ पायऱ्या मोजल्या. प्रत्येकीची उंची ९ इंच, रुंदी ९ इंच. ९ इंच म्हणजे एक वीत, अर्धा हात, १२ अंगुळे. लीलावतीतल्या शंकूएवढी एकेक पायरी. हे वाचून मला फार आनंद झाला होता. नंतर वही काढून पाहिली तर खरी मापे साडेआठ ते साडेनऊ इंच अशी होती आणि ९ हा आकडा मीच सोयीने धरला होता.

डोळा मी बारवेच्या बरोबर मध्यावर, जमिनीपासून ६ फूट उंच टांगला. तिथे कोणी उभे राहू शकत नाही; गणितात राहता येते. आता प्रत्येक पायरीच्या कडेसाठी दोन आकडे लागतात: मध्यापासून किती दूर, आणि डोळ्याखाली किती खोल. तोंडाची कड १२ फूट दूर, ६ फूट खोल, भागाकार २. पहिल्या पायरीची कड सव्वाअकरा दूर, पावणेसात खोल; १.६७. दुसरी साडेदहा आणि साडेसात, १.४. अशा उतरत उतरत बाराव्या पायरीशी ३ फूट दूर आणि १५ फूट खोल, ०.२. कागदावर मी या सगळ्यांना ४ सेंटीमीटरने गुणले, म्हणजे तोंड १६ सेंटीमीटर रुंद आणि तळ १.६ सेंटीमीटर. पहिली पायरी कागदाची १.३ सेंटीमीटर जागा खाते आणि बारावी पाव सेंटीमीटर. फाइलीत यासाठी एकच वाक्य लागते: शून्यापासून बारापर्यंत प्रत्येक आकड्यासाठी हा भागाकार करून चौरस काढ. संगणक ते तेरा वेळा करतो. अशा वाक्याला लूप म्हणतात.

पहिल्यांदा चित्र उमटले तेव्हा मी एक गोष्ट पाहिली जी प्रत्यक्ष बारवेत कधी पाहिली नव्हती. पायरीचा उभा भाग आणि आडवा भाग दोन्ही ९ इंचांचे. पण चित्रात सगळ्यांत वरच्या पायरीचा उभा भाग आडव्याच्या दुप्पट रुंद दिसतो आणि तळाशी उलट होते: आडवा भाग उभ्याच्या चौपट. मध्ये कुठेतरी दोन्ही सारखे दिसले पाहिजेत. ते चौथ्या पायरीच्या कडेखाली होतात, कारण तिथे कड मध्यापासून ९ फूट दूर आणि डोळ्याखालीही ९ फूटच खोल आहे; नजर बरोबर ४५ अंशांत पडते. वर दगडांचे चेहरे दिसतात, खाली दगडांच्या पाठी, आणि हा बदल इतका हळूहळू होतो की डोळ्याला फक्त ‘खोल’ एवढेच कळते. खोलीची जी जाणीव होते तिचा एक मोठा हिस्सा हा असावा.

अडचणीही सांगायला हव्यात, नाहीतर वाचकाला वाटेल की हे सगळे आपोआप होते.

पहिली: टिक्झला काय कशाच्या आड आहे हे ठाऊक नसते. तो लिहिलेल्या क्रमाने रंगवतो. नंतरचे आधीच्यावर बसते. म्हणून दूरचे आधी लिहायचे, जवळचे नंतर, जसे पडदा रंगवणारा आधी आकाश रंगवतो. काठावर उभे राहून पाहायचे असेल तर आपल्या पायाखालच्या बाजूचे पायऱ्यांचे उभे भाग दिसत नाहीत. म्हणून त्या बाजूला खालची पायरी आधी लिहायची आणि वरची तिच्यावर चढवायची. समोरच्या बाजूला ही चिंता नाही. असिम्टोट नावाचे दुसरे साधन आडोसा स्वतः ओळखते, पण मला टिक्झचा हट्टीपणा आवडतो. लिहिताना आपण कुठे उभे आहोत याचे भान सुटत नाही.

दुसरी: डोळ्याच्या मागचे बिंदू. बारवेच्या काठावर एक वीरगळ होता. डोळा काठाकडे आणला तेव्हा तो डोळ्याच्या पाठीमागे गेला, आणि चित्रात खाली डोके वर पाय होऊन पाण्यात उमटला. खोली ऋण झाली, भागाकाराने चिन्ह उलटवले, बस. भास्कराचार्यांच्या नियमात शंकू दिव्याहून उंच केला तर हेच होते. फक्त तिथे कोणी वेडा शंकू उभा करत नाही. आणि बिंदू डोळ्याच्या अगदी बरोबरीत आला तर भाजक शून्याकडे जातो. तेव्हा टेक् थांबतो आणि सांगतो की माप फार मोठे झाले. त्याच्या हिशेबात १६,३८४ पॉइंटांपेक्षा, म्हणजे सुमारे पावणेसहा मीटरपेक्षा, मोठी लांबी मावतच नाही. कागदासाठी केलेल्या साधनाला ती भरपूर आहे. आमच्या बारवेचे तोंड ७ मीटरहून जास्त होते, तेव्हा ती मूळ मापात टेक्‌मध्ये उतरलीच नसती; तिला आधी लहान करूनच न्यावी लागली.

मान वाकवून पाहिले तर आणखी एक गोष्ट लागते. भागाकाराच्या आधी सगळे जग तेवढ्याच कोनातून फिरवावे लागते, म्हणजे नजर सरळ होते. मग उभ्या रेघाही समांतर राहत नाहीत, खाली एकमेकींकडे झुकतात. हल्ली टिक्झबरोबर यासाठी तयार पुरवणी मिळते. रेघा जिथे मिळाव्यात ते लोपबिंदू सांगितले की बाकीचे ती करते. मी ती वापरली नाही. डोळा कुठे आहे हे मला सांगायचे होते, रेघा कुठे मिळतात हे नव्हे.

चित्र छापून मी गावी नेले, तेव्हा बारव बुजवून वर्ष झाले होते. शेजारच्या काकू ऐंशीच्या पुढच्या. नळ येईपर्यंत त्यांनी त्याच बारवेचे पाणी भरले. कागद हातात घेऊन त्यांनी तो दोन वेळा फिरवला.

“काहून रे बाबू, हे कोन्या गावची बारव म्हनाव?”

“काकू, आपलीच आहे.”

“आपली नोहे. आपली एवढी खोल कधी होती? अन् उगोतीकडची तिसरी पायरी कुठं गेली? ते रुंद होती. दोन बाया घागरी टेकून बसत तिथं.”

त्यांनी हाताने रुंदी दाखवली. वीत, आणि आणखी एक वीत.

खोलीची तक्रार मी त्याच संध्याकाळी मिटवली. काकूंनी बारव कधी मध्यावर टांगून घेऊन पाहिली नव्हती. त्या काठावर उभ्या राहात, डोळे जमिनीपासून पावणेपाच फुटांवर. फाइलीत डोळ्याच्या जागेचे आकडे आणि मानेचा कोन बदलला, आणि बारव उथळ झाली, ओळखीची झाली. बारव मातीखाली गेल्यावरही तिच्याभोवती हवे तिथे उभे राहता येते.

तिसरी पायरी मात्र मिटेना. मी पायऱ्या मोजल्या होत्या त्या उत्तरेकडच्या. पूर्वेकडे दुपारचे ऊन होते, दगड तापलेले होते, आणि चारही बाजू सारख्याच असणार हे मी न मोजता धरले. लूप लिहिताना तर ते धरलेलेही विसरलो; ‘प्रत्येक पायरीसाठी’ असे एकदा लिहिले की चारही बाजूंच्या अठ्ठेचाळीस पायऱ्या एका दमात खऱ्या होतात. हाताने चित्र काढणाऱ्याला निदान पूर्वेची बाजू काढताना तिकडे पाहावे लागले असते. नकलेत मजकूर ढळत नाही हे खरे. पहिल्यांदा जे लिहिले तेच तो पुढे नेतो, आणि पहिल्यांदा लिहिणारा मी होतो.

आता ते मोजता येत नाही. जिल्ह्यातल्या दोन-तीन जुन्या जाणत्यांना विचारले. एकाला रुंद पायरी आठवते पण ती चौथी वाटते, एकाला आठवत नाही. काकूंचे खरे धरले तर पूर्वेची तिसरी पायरी दीड फूट रुंद. मग तिच्याखालच्या साऱ्या पायऱ्या ९ इंच आत सरकतात आणि तळ चौरस राहत नाही; एकीकडून ६ फूट, दुसरीकडून सव्वापाच. की पाथरवटाने खालच्या पायऱ्या थोड्या थोड्या अरुंद करून फरक जिरवला आणि तळ चौरसच ठेवला? गाळ होता, तळ मी पाहिलेला नाही. मध्यावरून पाहिलेल्या चित्रात तळाच्या कडेला हा फरक २ मिलिमीटरचा आहे.

टेक्‌मध्ये टक्क्याचे चिन्ह घातले की त्या ओळीतला पुढचा मजकूर छापला जात नाही. तो फक्त फाइल उघडणाऱ्याला दिसतो. पूर्वेच्या बाजूला मी लूप तोडला, तिसऱ्या पायरीची वेगळी ओळ लिहिली, तिची कड तुटक रेघेने काढायला सांगितली, आणि टक्क्यापुढे लिहिले: ‘मोजलेले नाही. काकूंच्या हातावरून.’ खालच्या पायऱ्यांच्या ओळींपुढेही ‘उत्तरेच्या बाजूवरून धरलेले’ असे लिहिले. अशा ओळी आता फाइलीत बावीस झाल्या आहेत.

नवे चित्र काकूंना दाखवले. त्यांनी तुटक रेघेवर बोट ठेवले आणि मान हलवली. मग विचारले, “अन् पानी?”

पाणी मी काढलेच नव्हते. मी उतरलो तेव्हा बारव कोरडी होती. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पावसाळ्यानंतर ते पाचव्या पायरीला लागे आणि दिवाळीपर्यंत तिथेच असे. पाचव्या पायरीच्या मापाचा एक निळा चौकोन लिहिला, पूर्वेकडून ९ इंच आत. नंतरचे आधीच्यावर बसते, म्हणून ती ओळ फाइलीच्या अगदी शेवटी घालावी लागली. खालच्या सात पायऱ्या आणि तळ तिच्याखाली दिसेनासा झाला.